पाठ

ऐलुक बेटावर मामानं मला काड्यांचा नकाशा दिला
तेव्हा मला अडतिसावं लागलं होतं,
आणि माजुरोच्या विमानतळावर सामान तोलून तोलून
आकडे लगेच विसरायची सवय जडली होती.
तेवीस किलो. पुढचा. एकोणीस. पुढचा.
सगळे लक्षात राहिले असते तर वेड लागलं असतं.

झावळीचे हीर, काथ्याच्या गाठी.
कवडी म्हणजे बेट.
वाकलेला हीर म्हणजे बेटाला धडकून वळलेली लाट.
जोरेलिकमामा एकदाच सांगायचा.
मी मुठीत धरू बघायची. एक, दोन, तीन, चार.
पाचवी घेतली की पहिली सांडायची
आणि कुठं सांडली हेही कळायचं नाही.
“मूठ लहानच असते,” मामा म्हणाला, “सरदाराचीही.
दोन कवड्या एका दोऱ्यात ओव. मग दोराच धर.”

ओवत गेले.
पूर्वेच्या लाटेला, रिलिबला, आमच्या मुकादमाची चाल दिली:
जड, सावकाश, कुणासाठी न थांबणारी.
दक्षिणेची लाट म्हणजे लिजोनमावशीचं घोरणं,
दोन आखूड, एक लांब.
महिन्याभरात सगळं तोंडपाठ.

मग एका पहाटे त्यानं मला खिंडीबाहेर नेलं,
पाण्यावर उताणं निजवलं, म्हणाला, डोळे मीट.
आता सांग, कुठून येते?
तोंडाला पाठ होतं. पाठीला नव्हतं.
आठवायला गेले आणि नाकात समुद्र शिरला.

रोज तेच. रोज नाकात समुद्र.
रात्री चटईवर अंग डुलत राहायचं,
आणि दिवसा सुटलेली एखादी गाठ
सकाळी बांधलेली सापडायची.
कोण बांधतं? मी विचारलं.
“तूच. फक्त तुला न विचारता.”

मावशीकडे नीरफणसाचा खड्डा होता.
पानांत गुंडाळून पुरलेला, आंबत पडलेला गर.
ती मधूनमधून उघडायची, पानं बदलायची, पुन्हा झाकायची.
न उघडलेला खड्डा नासतो, म्हणायची.
आणि उघडलेला?
तो तोच राहत नाही. चाखून बघ.

निघायच्या आदल्या रात्री
मामानं नकाशा चुलीत घातला.
हिरांवर दोन मासे भाजले.
मी जेवले नाही.
त्यानं माझाही मासा खाल्ला.

वोत्जे दक्षिणेला. रिलिब डाव्या कुशीला.
रात्री ढग आले, तारे गेले,
आणि डोक्यात होतं नव्हतं ते सगळं गेलं,
मुकादम, मावशी, एकूण एक कवडी.
तरी बूड फळीवर आपोआप कलत होतं,
हात सुकाणूला ढकलत होते,
जसं कुणी झोपेत पांघरूण ओढतं.
मध्यरात्री कुठंतरी मी शहाणपणा केला.
विचार केला. सुकाणू बदललं.
मामा जागा होता. काही बोलला नाही.

उजाडताना पक्षी डावीकडे दिसले, लांब.
आम्ही पश्चिमेला वाहून गेलो होतो.
अर्धा दिवस वाऱ्याविरुद्ध नागमोडी काढत परतावं लागलं,
पाणी संपत आलेलं, आणि मामा शीळ घालत होता.

पुढं कितीतरी बरोबर फेऱ्या केल्या.
त्यांतली एकही सांगता येणार नाही.
ती चूक मात्र अजून हाताला लागते,
सुकाणूची ओल, ढगाची कड,
नको तिथं उजवीकडे गेलेलं मनगट.

परवा लेकीला, नेइमोनला, हीर बांधून दाखवले.
वोत्जेपाशी माझा बाक मामाच्यापेक्षा खोल आला.
मामा नाही आता, विचारायला.
चूक आहे की पानं बदलताना तसं झालं?
तिनं विचारलं, हा नकाशा होडीत न्यायचा?

मी चुलीकडे पाहिलं.
म्हटलं, अजून नाही.
आधी मूठ उघड.